गणिताच्या विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंग : भाषा शिकवायची की विचारपद्धती?

देशातील विद्यापीठांच्या गणित विभागांत संगणक आता नवखा राहिलेला नाही. बी.एस्सी. गणिताच्या वेळापत्रकात प्रोग्रामिंगचे तास आले, त्यासाठी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि प्रात्यक्षिक परीक्षाही सुरू झाल्या. मात्र हे तास नेमक्या कोणत्या हेतूने घ्यायचे, या प्रश्नाचे एकच एक उत्तर अद्याप मिळालेले नाही. गणिताच्या पदवीधराला माहिती तंत्रज्ञान आणि विदा विश्लेषणाच्या क्षेत्रांत नोकरी मिळावी, हा एक हेतू. गणित अधिक खोलवर समजावे, हा दुसरा. दोन्ही हेतू रास्त असले, तरी शिकवण्याच्या पद्धती त्यांच्यामुळे बदलतात. तीन किंवा चार वर्षांच्या पदवीत प्रोग्रामिंगच्या वाट्याला बहुधा एक-दोन सत्रेच येतात. ती केवळ एखाद्या भाषेचे व्याकरण पाठ करण्यात खर्ची पडली, तर विद्यार्थ्याच्या हाती ना संगणकशास्त्र लागते, ना त्याच्या गणितात भर पडते.

धोरण आणि पूर्वपीठिका

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने गणिती विचारपद्धती आणि संगणकीय विचारपद्धती यांवर भर दिला आणि शालेय शिक्षणाच्या मधल्या टप्प्यापासूनच कोडिंगशी संबंधित उपक्रम सुचवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात कौशल्यवृद्धी अभ्यासक्रमांसाठी स्वतंत्र श्रेयांक राखून ठेवण्यात आले. प्रोग्रामिंगला गणिताच्या पदवीत जागा मिळण्याचा एक मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

बदलाची सुरुवात मात्र त्याआधीच झाली होती. दिल्ली विद्यापीठाच्या गणित ऑनर्स अभ्यासक्रमात अवकल समीकरणे आणि संख्यात्मक पद्धती यांसारख्या विषयांना संगणकावरील प्रात्यक्षिके जोडलेली आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणित प्रात्यक्षिकांत पायथन या भाषेचा समावेश झाला. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तर १९९८ पासूनच गणित आणि संगणकशास्त्र यांची एकत्रित पदवी देण्यास प्रारंभ केला.

जगाच्या पातळीवर पाहिल्यास या विचाराला सहा दशकांचा इतिहास आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणितज्ञांनी बेसिक ही भाषा तयार केली आणि १ मे १९६४ रोजी तिच्यातील पहिली आज्ञावली चालवली. संगणक हा केवळ तज्ज्ञांचा न राहता सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या हाती यावा, हा त्यांचा उद्देश होता. त्यासाठी त्यांनी वेगळा विभाग काढला नाही. प्रोग्रामिंग गणिताच्या वर्गातच शिकवले गेले. आजही गणित विभागांपुढे उभा असलेला प्रश्न त्याच निर्णयाशी संबंधित आहे.

बरोबरीच्या चिन्हाचा घोटाळा

गणिताचा विद्यार्थी प्रोग्रामिंगच्या वर्गात येतो तो कोऱ्या पाटीने येत नाही. त्याच्या मनात चिन्हांचे अर्थ आधीच पक्के झालेले असतात आणि पहिली अडचण तेथेच उद्भवते. ‘क्ष = क्ष + १’ ही ओळ बीजगणितात निखालस अशक्य आहे; कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी असू शकत नाही. पायथन किंवा सी या भाषांत मात्र ती नित्याची आज्ञा आहे. तेथे बरोबरीचे चिन्ह विधान करत नाही, कृती सांगते : उजवीकडील किंमत काढावी आणि ती डावीकडील नावाखाली साठवावी.

‘चल’ या संज्ञेचेही तसेच आहे. गणितात एखाद्या युक्तिवादात क्ष एकदा निश्चित केला की तो अखेरपर्यंत तोच राहतो. आज्ञावलीत क्षची किंमत ओळीगणिक बदलू शकते. गणितातील फल एकाच निविष्टीला नेहमी एकच उत्तर देते. आज्ञावलीतील फल मात्र वाटेत फाइलमध्ये काही लिहू शकते, एखादी यादी बदलू शकते आणि दुसऱ्यांदा विचारल्यास वेगळे उत्तरही देऊ शकते. पायथनमध्ये यादीतील मोजणी शून्यापासून सुरू होते आणि १ ते १० असा पल्ला सांगितल्यास ती ९ वर थांबते.

या गोष्टी किरकोळ वाटतात, परंतु चांगल्या वर्गांत त्या सांगून सोडून दिल्या जात नाहीत. दोन भाषांतील हा फरक उलगडून दाखवला, तर विद्यार्थ्याला गणितातील चिन्हांकडेही नव्याने पाहता येते. चेन्नईच्या संस्थेत विद्यार्थ्यांना हॅस्केल ही फलप्रधान भाषाही शिकवली जाते. या भाषेत एकदा दिलेली किंमत बदलत नाही आणि फल हे गणितातील फलासारखेच वागते. त्यामुळे गणिती विचाराकडून आज्ञावलीकडे जाणारी वाट तुलनेने सरळ होते.

कापरेकरांची संख्या आणि विसरलेले शून्य

प्रोग्रामिंगमुळे गणित कसे स्पष्ट होते, याचे एक सुबोध उदाहरण महाराष्ट्रातूनच घेता येते. नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म जगापुढे मांडला. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी आणि हीच क्रिया पुन्हा पुन्हा करावी. ३५२४ पासून सुरुवात केल्यास ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. त्यानंतर ६१७४ हीच संख्या पुन्हा पुन्हा येत राहते. तेथे पोहोचण्यास जास्तीत जास्त सात टप्पे लागतात.

ही क्रिया करणारी आज्ञावली पहिल्या वर्षाचा विद्यार्थी दहा-पंधरा ओळींत लिहू शकतो. परंतु १११२ या संख्येपाशी अनेकांची आज्ञावली फसण्याचा संभव असतो. २१११ उणे १११२ म्हणजे ९९९. आज्ञावलीने ती तीन अंकी संख्या मानली, तर पुढची वजाबाकी ९९९ उणे ९९९, म्हणजे शून्य. आणि कापरेकरांचा निष्कर्ष चुकीचा ठरल्याचा आभास निर्माण होतो. वास्तविक ९९९ ही येथे ०९९९ अशी, चार अंकांची म्हणूनच घ्यावी लागते. तसे केल्यास पुढील टप्पे ८९९१, ८०८२, ८५३२ असे पडतात आणि ६१७४ गाठली जाते. ‘चार अंकी’ या शब्दांचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न कागदावर दोन-तीन उदाहरणे सोडवताना कदाचित पुढे आलाही नसता. संगणक गृहीत धरलेले काहीही समजून घेत नसल्याने तो उपस्थित होतो. व्याख्या काटेकोर असली पाहिजे, हे गणिताचे पहिले सूत्र येथे अनुभवास येते.

पडताळणी कोठे संपते, सिद्धता कोठे सुरू होते

कापरेकरांच्या उदाहरणाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. चार अंकी संख्या मोजक्याच आहेत. १००० ते ९९९९ पर्यंतच्या ९ हजार संख्यांतून सर्व अंक सारखे असलेल्या ९ वगळल्या, की ८ हजार ९९१ उरतात. आज्ञावली अचूक असेल आणि तिने या सर्व संख्या तपासल्या असतील, तर ती तपासणी हीच सिद्धता ठरते.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. एखाद्या संख्येच्या वर्गात तीच संख्या मिळवून त्यात आणखी ४१ मिळवावे. ० पासून ३९ पर्यंतच्या प्रत्येक संख्येसाठी उत्तर मूळ संख्याच येते. चाळीस वेळा लागोपाठ एकच निकाल मिळाल्यावर नियम सापडल्याची खात्री वाटू लागते. पण ४० ही संख्या घेतली की उत्तर येते १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१, आणि नियम कोलमडतो.

तिसरे उदाहरण कोलात्झ यांच्या अनुमानाचे. संख्या सम असेल तर तिची निमपट करावी, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवावा. २७ पासून सुरुवात केल्यास ही मालिका ९ हजार २३२ पर्यंत चढते आणि १११ टप्प्यांनंतर १ वर येते. २ च्या ६८ व्या घातापर्यंतच्या संख्या संगणकाने तपासून झाल्या आहेत आणि अपवाद सापडलेला नाही. तरीही हे अनुमान आजही अनुमानच आहे, कारण संख्या अनंत आहेत आणि तपासणी कोठेतरी थांबते.

असत्य सिद्ध करण्यासाठी मात्र एकच अपवाद पुरेसा असतो. किमान पाच संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज केल्याशिवाय पाचवा घात मिळत नाही, असा निष्कर्ष ऑयलर यांनी १७६९ मध्ये मांडलेल्या अनुमानातून निघत होता. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले, की २७, ८४, ११० आणि १३३ या चारच संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज १४४ च्या पाचव्या घाताइतकी भरते. जवळपास दोन शतके टिकलेले अनुमान एका ओळीत निकालात निघाले.

ही चार उदाहरणे एकापाठोपाठ दिल्यास संगणकाचे उत्तर केव्हा पुरावा असते, केव्हा केवळ सूचना असते आणि केव्हा दिशाभूल करते, याचा विवेक विद्यार्थ्यात निर्माण होतो. प्रोग्रामिंगमुळे सिद्धतेचे महत्त्व कमी होईल, अशी भीती गणिताच्या क्षेत्रात अधूनमधून व्यक्त होते; अशा प्रकारे शिकवल्यास परिणाम उलटच होण्याची शक्यता अधिक असते.

यंत्राचे अंकगणित

संगणकातील संख्या आणि गणितातील वास्तव संख्या एकच नव्हेत, हा विद्यार्थ्याला बसणारा पुढचा धक्का. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केल्यास उत्तर अचूक ०.३ येत नाही. सतराव्या दशांश स्थळी ४ हा अंक उमटतो. आज्ञावलीत काही बिघडलेले नसते. दशमान पद्धतीत एक तृतीयांश हा अपूर्णांक जसा कोठेही संपत नाही, तसाच द्विमान पद्धतीत एक दशांश संपत नाही. संगणकाला तो ठरावीक जागेत तोडून साठवावा लागतो आणि त्यात अल्पशी त्रुटी राहून जाते.

याच त्रुटीमुळे पहिल्या वर्षी शिकलेले एक प्रमेय पडद्यावर खोटे ठरताना दिसते. एक अधिक एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश अशी पुढे जाणारी हरात्मक श्रेणी अपसारी आहे, म्हणजे तिची बेरीज कोणतीही मर्यादा ओलांडते, हे विद्यार्थ्याने सिद्ध केलेले असते. परंतु ३२ बिटांच्या संख्या वापरून तीच बेरीज क्रमाने करत गेल्यास सुमारे २१ लाख पदांनंतर ती १५.४ च्या आसपास थबकते आणि पुढे वाढतच नाही. तोवर मिळवायचे पद इतके लहान झालेले असते, की साठवलेल्या बेरजेत त्याला जागाच उरत नाही. येथे प्रमेय खरे आहे आणि यंत्रही आपल्या नियमांनुसारच चालले आहे. दोहोंमधील अंतर मोजण्याचे शास्त्र म्हणजे संख्यात्मक विश्लेषण. या विषयाची गरज सूत्रांच्या यादीतून जितकी पटत नाही, तितकी अशा एका प्रयोगातून पटते.

बरोबर उत्तर, पण किती वेळात?

शुद्ध गणितात एखादी पद्धत निश्चितपणे उत्तर देते, एवढे पुरते. प्रोग्रामिंगमध्ये त्यापुढचा प्रश्न येतो : उत्तर किती काळात मिळेल? फिबोनाची यांच्या नावाने परिचित असलेल्या, परंतु त्यांच्या आधी विरहांक आणि हेमचंद्र यांनी वृत्तांतील लघु-गुरूंची मांडणी मोजताना वर्णिलेल्या श्रेणीत प्रत्येक पद आधीच्या दोन पदांच्या बेरजेइतके असते. ही व्याख्या जशीच्या तशी आज्ञावलीत उतरवल्यास ती अचूक असते. पण चाळिसावे पद काढण्यासाठी तिला स्वतःलाच ३३ कोटी ११ लाखांहून अधिक वेळा हाक मारावी लागते. आधीची दोन पदे लक्षात ठेवून पुढे सरकणारी आज्ञावली तेच काम सुमारे चाळीस बेरजांत उरकते.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणितात दिलेले उदाहरण याहून बोलके आहे. एका संख्येच्या वर्गाची ६१ पट करून त्यात एक मिळवल्यास पूर्ण वर्ग मिळावा, अशी सर्वांत लहान धन संख्या शोधायची आहे. एकापासून एकेक संख्या तपासत गेल्यास उत्तर येण्यापूर्वी २२ कोटी ६१ लाख ५३ हजार ९८० पर्यंत जावे लागते. भास्कराचार्यांची चक्रवाल पद्धत तेथे मोजक्या टप्प्यांत, हातानेही पोहोचते. फ्रान्समधील गणितज्ञ फर्मा यांनी १६५७ मध्ये हेच उदाहरण आव्हान म्हणून पुढे ठेवले होते. विद्यार्थ्याने दोन्ही आज्ञावल्या लिहून शेजारी शेजारी चालवल्या, तर गणिती युक्तीचे मोल सेकंदांत आणि मिनिटांत मोजता येते. प्राचीन भारतीय गणिताचा केवळ गौरवपर उल्लेख करण्यापेक्षा त्याचा हा उपयोग अधिक फलदायी आहे.

भाषा कोणती, साधने कोणती

पायथन शिकवावी, सी शिकवावी की सायलॅबसारखी गणिती गणनेसाठी बनवलेली प्रणाली, हा वाद अभ्यास मंडळांत होत असतो. पायथन वाचायला सोपी आणि उद्योगांत मागणी असलेली आहे. सी यंत्राच्या जवळ जाते. बैजिक क्रियांसाठी सेजसारख्या प्रणाली अधिक सोयीच्या आहेत. परंतु वर उल्लेखिलेले बहुतेक सर्व प्रयोग यांपैकी कोणत्याही साधनाने करता येतात. भाषेपेक्षा उदाहरणांची निवड महत्त्वाची ठरते, ती यामुळेच.

महागडे परवाने विकत घेण्याची गरज आता उरलेली नाही. पायथन, सायलॅब आणि सेज ही तिन्ही साधने विनामूल्य आहेत. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्प केंद्र सरकारच्या साहाय्याने अशा मुक्त साधनांचा प्रसार करतो. त्याच्या एका उपक्रमात विद्यार्थी प्रमाणित पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे सायलॅब किंवा पायथनमध्ये उतरवून सर्वांसाठी खुली करतात. त्याच संस्थेतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त साधनांचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले आहेत. बारावीपर्यंत मराठीत शिकून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी आणि आज्ञावली या दोन अनोळखी गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात. अशा पाठांमुळे त्याच्यावरील हा दुहेरी भार काहीसा हलका होऊ शकतो.

शिकवणार कोण आणि परीक्षा कशाची?

सर्वांत अवघड प्रश्न अध्यापकांचा आणि परीक्षेचा आहे. प्रोग्रामिंग संगणकशास्त्र विभागाकडे सोपवल्यास उदाहरणे पगारपत्रकाची आणि ग्रंथालयाच्या नोंदींची येतात. गणिताशी सांधा जुळत नाही. गणित विभागाने ते स्वतःकडे ठेवल्यास अध्यापकांना वेळ आणि प्रशिक्षण द्यावे लागते. एकाच सत्रात सारे प्रोग्रामिंग उरकण्याऐवजी संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, अवकल समीकरणे अशा प्रत्येक विषयात थोडेथोडे जोडणे हा मधला मार्ग आहे. मात्र त्यासाठी विभागातील बहुतेक अध्यापकांची तयारी लागते.

परीक्षेचे स्वरूप बदलले नाही, तर बाकीचे बदल निष्फळ ठरतात. ठरावीक दहा-बारा आज्ञावल्या, त्या उतरवलेले जर्नल आणि त्यांतूनच आलेला प्रात्यक्षिकाचा प्रश्न, अशी रचना असेल तर पाठांतर पुरेसे होते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने आता अशी आज्ञावली क्षणार्धात लिहून देतात. त्यामुळे केवळ चालणारी आज्ञावली पाहून गुण देण्याला फारसा अर्थ उरलेला नाही. केंब्रिज विद्यापीठातील गणिताच्या पदवीत कॅटॅम या नावाने ओळखला जाणारा प्रकल्पाधारित अभ्यासक्रम आहे. त्यात विद्यार्थी आज्ञावली लिहितो आणि मिळालेल्या उत्तरांचा गणिती अर्थ स्पष्ट करणारा अहवालही सादर करतो. भारतीय महाविद्यालयांत त्यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. आज्ञावली कोणत्या निविष्टीवर चुकेल, ती थांबेल याची खात्री काय आणि तिचे उत्तर बरोबर का मानावे, हे तीन प्रश्न तोंडी परीक्षेत विचारले, तरी विद्यार्थ्याची समज उघड होते.

सिद्धता हीच आज्ञावली

या प्रवासाचा पुढचा टप्पाही आता दिसू लागला आहे. १९७६ मध्ये अ‍ॅपेल आणि हाकेन यांनी चार रंगांचे प्रमेय संगणकाच्या मदतीने सिद्ध केले, तेव्हा ती सिद्धता माणसाने तपासायची कशी, असा वाद निर्माण झाला होता. २००५ मध्ये जॉर्ज गोंतिए यांनी कॉक या प्रणालीत त्या प्रमेयाची सिद्धता मांडून तिचा प्रत्येक टप्पा यंत्राकडून तपासून घेतला. आज लीन ही त्याच प्रकारची भाषा गणितज्ञांत लोकप्रिय होत आहे. लंडनच्या इम्पीरियल महाविद्यालयात केव्हिन बझर्ड यांनी २०१७ मध्ये झेना प्रकल्पाद्वारे पदवीच्या विद्यार्थ्यांना लीनची ओळख करून देण्यास सुरुवात केली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सिद्धार्थ गाडगीळ यांनी सिद्धता आणि आज्ञावली यांचा एकत्रित अभ्यासक्रम लीनच्या आधारे शिकवला आहे.

लीनमध्ये विद्यार्थी सिद्धता लिहितो आणि एखादा टप्पा गाळला असेल, तर यंत्र पुढे जाऊ देत नाही. ‘हे उघडच आहे’ असे म्हणून सुटका होत नाही. ९९९ च्या आधीचे शून्य विसरलेल्या विद्यार्थ्याला मिळणारा धडाही याच जातीचा आहे.

भारतात गणिताची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे संशोधनाकडे वळतात. बहुसंख्य विद्यार्थी शिक्षक होतात, बँकांत किंवा शासकीय सेवेत जातात, सॉफ्टवेअर कंपन्यांत रुजू होतात. यांपैकी प्रत्येकाला पडद्यावरील आकड्यांवर विसंबून निर्णय घ्यावे लागणार आहेत. आज शिकलेली भाषा दहा वर्षांनी वापरात असेल किंवा नसेल. समोर आलेले उत्तर कशाच्या आधारावर खरे मानायचे, हे विचारण्याची सवय मात्र टिकून राहते. अभ्यासक्रम आखताना गणित विभागांनी कोणत्या गोष्टीला किती तास द्यायचे, याचा निर्णय हाच निकष लावून करणे हिताचे ठरेल.